बाराव्या अध्यायापर्यंतची साक्ष

कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. लेखक पुण्याचे आहेत, हयात आहेत, आणि त्यांच्या पुस्तकातली माणसं ज्या हौसेनं एकमेकांवर दावे ठोकतात ती पाहता त्यांनाही तो शौक असावा. नायिका सरकारी वकील आहे, एवढं सांगते. ऊर्मिला सरदेसाई. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, मानेवर सैल अंबाडा. ती कोर्टात टेबलावर हात आपटते आणि समोरचा गुन्हेगार घळाघळा रडत कबुलीजबाब देतो.

मीही सरकारी वकीलच होते. त्र्याऐंशी साली तालुक्याच्या कोर्टात नवीनच लागले होते. टेबलावर हात आपटायची सोय मला नव्हती, कारण माझ्या टेबलाच्या एका पायाखाली वीट होती. मी बिदरची, मैलूरच्या बुद्धविहारामागच्या गल्लीतली. वडील, भीमराज, रेल्वेत होते. घारे डोळे आमच्या गल्लीत फक्त एका मांजराला होते. त्यामुळे त्या वर्षीच्या श्रावणात मन्नाएखेळ्ळीचे लोक मला पाहून निराश झाले, यात त्यांचा काही दोष नव्हता.

त्या गावाशी माझा संबंध आला तो चंद्रम्माच्या खटल्यामुळे. हायवेच्या कडेला, जिथे ट्रक थांबतात तिथे, चंद्रम्माचा भज्यांचा गाडा होता. नवरा वारलेला, पोरं नाहीत. रस्त्यापलीकडे बंडेप्पाचं हॉटेल. खुर्च्या, पंखा, भिंतीवर देवांचे फोटो, सगळं होतं. गिऱ्हाईक तेवढं चंद्रम्माकडे जायचं. बंडेप्पानं तिला जागा सोड म्हणून सांगून पाहिलं. मग सांगायचं सोडलं आणि ऐन बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, तिचा उजवा हात मनगटाला धरून कढईतल्या उकळत्या तेलात दाबला.

सगळ्या बाजारानं ते पाहिलं. पोलीस आले तेव्हा मात्र त्या वेळी बहुतेकांची नजर नेमकी दुसरीकडे होती असं निघालं. दोघांनी तेवढं पाहिल्याचं सांगितलं: पंक्चरवाला निंगप्पा आणि बांगडीवाला ईरण्णा. बंडेप्पा जामिनावर सुटला. त्याचे वकील भगवानराव यांचं म्हणणं असं की बाईचा पाय घसरला आणि हात कढईत गेला.

चंद्रम्माची साक्ष आधी झाली. "बंडेप्पानं माझा हात धरून तेलात घातला," ती म्हणाली. भगवानरावांनी तिला उलटंसुलटं करून तेच पुन्हा पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. हात पदराखाली होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दाखवायला सांगितला, तिनं दाखवला, आणि साहेबांनी लगेच झाकायला सांगितला. मला वाटलं, खटला सरळ आहे. मी कादंबरी वाचली नव्हती म्हणून मला असं वाटलं.

आमच्या भागात श्रावणात पुराण लागतं. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. मन्नाएखेळ्ळीत मठात कन्नड पुराण होतंच, पण वाचनालयाच्या कट्ट्यावर मराठी वाचनही चालायचं. निवृत्त मास्तर गुंडेराव मराठी वाचणार आणि ईरण्णा त्याचा अर्थ कन्नडमध्ये सांगणार, असा शिरस्ता. पोथी कोणतीही असो, रीत तीच. एका वर्षी शेतकी खात्याचं खतावरचं पुस्तक लागलं होतं म्हणे, तेव्हाही शेवटी नारळ फोडला होता. या वर्षी ती कादंबरी लागली.

ईरण्णाची अर्थ सांगायची एक तऱ्हा होती. नुसता अर्थ सांगून त्याचं भागत नसे. दाखला द्यायचा आणि तोही गावातलाच. "म्हणजे कसं, आपल्या गावातलं घ्या," असं म्हणून तो सुरू व्हायचा. कादंबरीत एक श्रीमंत मामा असतो आणि एक पोरकी भाची. पहिल्याच पानावर भाचीच्या दंडात गोळी घुसते आणि मामा बंदूक घेऊन समोर उभा असतो. भाची जगते, मामाकडे बोट दाखवते. ईरण्णानं पहिल्याच दिवशी दाखला दिला: भाची म्हणजे कोण, तर जशी आपली चंद्रम्मा, मामा म्हणजे कोण, तर जसा आपला बंडेप्पा. लोक खूश झाले. पुण्याची गोष्ट एकदम घरची झाली.

मला हे सगळं निंगप्पाच्या साक्षीच्या दिवशी कळलं. कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, मी त्याला समन्सवरची सही विचारत होते आणि तो मला निरखत होता.

"तुमी टेबलावर हात आपटत न्हाई का ओ?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"ती ऊर्मिलाबाई आपटतीया. लई तेज बाई हाय. सरदेसाई." मग जरा थांबून, "तुमचं आडनाव काय म्हणलाव?"

मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"मध्ये काय काय बसतं ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मी विषय बदलला आणि म्हटलं, आत गेल्यावर जे पाहिलं ते सांगा. तो म्हणाला, सांगतो की.

आणि त्यानं सांगितलं. "बंडेप्पानं हात धरला, तेलात घातला, मी बघितलो." मी खाली बसायला लागले. तेवढ्यात त्यानं स्वतःहून पुढे जोडलं, "पण साहेब, इतकं उघड कोण करतंय? भर बाजारात? ज्याच्यावर पयला संशय येतंय, त्यो कधीच नसतंय. करणार दुसरंच कोणतरी असणार."

"दुसरा कोण?" साहेबांनी विचारलं.

"त्ये अजून कळलं न्हाई. वाचन चालू हाय."

कोर्ट हसलं. भगवानराव हसले नाहीत. ते फक्त चष्मा पुसत राहिले. त्यांनी निंगप्पाला एकच प्रश्न विचारला, म्हणजे तुम्हाला खात्री नाही? निंगप्पा म्हणाला, खात्री होती, आता न्हाई. मी त्याला फितूर जाहीर करून उलटतपासणी घेतली तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याच्या मते तो न्यायाला मदत करत होता.

मला इतका राग आला होता की त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवूनही मी बाहेर गाठून त्याला विचारलं, ही कादंबरी आणली कोणी?

"बंडेप्पा अण्णानं भेट दिली वाचनालयाला. आन् रोज च्या-भजी बी त्येच्याकडूनच. लई धर्माचं काम करायलाय."

म्हणजे संबंध श्रावण गाव बंडेप्पाची भजी खात बंडेप्पाच्या निर्दोषपणावर विचार करत होतं. मी भगवानरावांकडे पाहिलं. ते रिक्षात बसत होते. "मॅडम," ते म्हणाले, "खेड्यापाड्यांत वाचनाची गोडी लागली पाहिजे. आपणच नाही तर कोणी लक्ष घालायचं?"

त्या दिवसापासून सगळ्यांची मतं माझ्यापर्यंत यायला लागली. गावातून तारखेला येणारा प्रत्येकजण आपलं मत मला देऊन जायचा, जणू मी लेखकाची पुण्याला जाणारी टपालपेटीच. एकाचं म्हणणं, ऊर्मिलाबाईंनी लग्न करावं, मग डोकं शांत राहील. दुसऱ्याचं म्हणणं, लग्न न केल्यामुळेच डोकं चालतं, पण बाईचं डोकं इतकं चालणं बरं नाही. एक म्हातारा म्हणाला, कादंबरी चांगली आहे पण कोर्टात चहा कोण आणतो ते लिहिलंच नाही. आमच्या बेंच क्लार्कनंही कुठून तरी एक प्रत मिळवली आणि मला सांगितलं की ऊर्मिलाबाईंचा आवाज खर्जातला आहे, मी जरा तसा प्रयत्न करावा. खुद्द मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चेंबरमध्ये विचारलं, "घरी आमच्या मंडळी वाचतायत, पण मामा नाहीच ना?" मी म्हटलं, मी वाचलेली नाही. ते म्हणाले, तुम्ही तर वाचायलाच पाहिजे.

चंद्रम्माबद्दलही वाचकांचं मत तयार झालं होतं. ती पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, हे लोकांना खटकत होतं. कादंबरीत खरं बोलणारा माणूस पानापानाला नवीन काही सांगतो. बाराव्या अध्यायात तर असं निघतं की भाचीनंच मामाला अडकवायला स्वतःच्या दंडात गोळी मारून घेतली असावी. ईरण्णानं दाखला दिला: म्हणजे कसं, आपल्या गावातलं घ्या, बाई जिद्दीला पेटली तर उकळत्या तेलातसुद्धा हात घालंल. हा दाखला गावाला फार आवडला. बंडेप्पाला इतका आवडला की यजमान म्हणून त्यानं बारावा अध्याय पुन्हा वाचायला लावला, आणि मग आणखी एकदा. पुराणात यजमानाला आवडलेला भाग पुन्हा ऐकायचा मान असतो. तेराव्याकडे गाडी काही जाईना, आणि समाप्ती कधी, असं गुंडेरावांनी विचारलं की बंडेप्पा म्हणायचा, करू की मास्तर, घाई कशाची?

आता ईरण्णाची साक्ष तेवढी उरली होती. श्रावण संपता संपता, शेवटच्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. अर्थ सांगणारा ईरण्णा, तोच शेवटचा साक्षीदार. मला झोप लागेना.

वडिलांनी उदगीरहून प्रत आणून दिली. येताना गाडीत त्यांनी अर्धी वाचली होती. "ह्या बाईला एकदाही फाईल शोधावी लागत नाही," ते म्हणाले. "कुठल्या खात्यात आहे ही?" मी बाराव्यापर्यंत रागानं वाचली आणि तेराव्यापासून नीट बसून वाचली. अठराव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात उलगडा होतो. गोळी मामानंच मारलेली असते. भाचीनं पहिल्या पानावर सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं असतं. मधले सगळे संशय मामानंच पेरलेले असतात, रोज लोकांना घरी जेवायला बोलावून. पुस्तक मिटून मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि मग लक्षात आलं की याचा मला काही उपयोग नाही. साक्षीदाराला मी कादंबरीचा शेवट सांगितला असता तर भगवानरावांनी दुसऱ्या दिवशी माझ्याविरुद्धच अर्ज टाकला असता.

चंद्रम्मा आली ती शनिवारी, तारीख कधी ते विचारायला. विटेवरच्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"अक्का, लोक म्हणायलेत मीच हात घातले. कामून घालू मी? ह्या हातावरच तर पोट होतं." ती रडली नाही. कंटाळल्यासारखी बोलत होती. "त्या पुस्तकात असं काय हाय?"

"मला साक्षीदारांशी त्याबद्दल बोलता येत नाही. तुमच्याशीही बोलू नये."

"शेवट काय हाय?"

मी टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. मी म्हटलं, "पुस्तक शेवटपर्यंत वाचणं हा गुन्हा आहे, असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही."

तिनं डाव्या हातानं पदर सावरला. मग म्हणाली, "बाईमाणूस नारळ घेऊन आली तर समाप्तीला न्हाई म्हणता येत न्हाई." आणि गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी तिथे असणंही बरोबर नव्हतं. पण मंगळवारी सकाळी कोर्टाच्या आवारात मला ते इतक्या तोंडांनी ऐकावं लागलं की पाहिल्यासारखंच झालं.

सोमवारी दुपारी कट्ट्यावर वाचन सुरू व्हायच्या आधी चंद्रम्मा आली आणि पुस्तकापुढे नारळ ठेवून म्हणाली, समाप्ती माझ्याकडं. बंडेप्पा म्हणाला, यजमान मी आहे. गुंडेराव मास्तरांनी, ज्यांना बारावा अध्याय आता तोंडपाठ झाला होता, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तू च्या-भज्याचा यजमान," ते म्हणाले. "समाप्ती मागायला बाई आली. नारळ परत करायची रीत न्हाई." समाप्ती म्हणजे उरलेलं सगळं एका बैठकीत वाचायचं. त्यांनी तेरावा उघडला.

चंद्रम्मानं कट्ट्याच्या कडेला चूल मांडली आणि डाव्या हातानं भजी सोडायला लागली. प्रसाद तिचा होता. डाव्या हाताची भजी कशी होणार? एक बोटाएवढं, एक मुठीएवढं, काही कढईच्या कडेलाच चिकटून बसलेली. ज्यांनी महिनाभर बंडेप्पाची गोल भजी खाल्ली होती त्यांच्या हातात ती आली. कोणी नाव ठेवलं नाही.

अठराव्या अध्यायात गुंडेरावांनी वाचलं की गोळी मामानंच मारली. कट्ट्यावर आरडाओरडा झाला. "ह्यात काय हाय? त्ये तर पयल्या पानावरच होतं!" निंगप्पा ओरडला. सगळ्यांनी अर्थासाठी ईरण्णाकडे पाहिलं.

ईरण्णानं कन्नडमध्ये सुरुवात केली. गोळी मामानं मारली. पोरगी पहिल्यापासून खरंच सांगत होती. लोकांना रोज जेवू घालून मामानं त्यांच्या डोक्यात संशय घातला. "म्हणजे कसं," सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "आपल्या गावातलं घ्या..."

आणि तो थांबला. मामा कोण आणि भाची कोण, हे त्यानंच पहिल्या दिवशी ठरवून दिलं होतं आणि महिनाभर गिरवलं होतं. समोर बंडेप्पा बसला होता. सगळ्यांच्या हातात भजी होती.

"सांग की," बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं.

"समजलं की सगळ्यांना," ईरण्णा म्हणाला.

चंद्रम्मानं झारा कढईवर ठेवला. "अर्थ सांग, ईरण्णा. दाखल्याबिगर तू एक दिवस सोडला न्हाईस. माझ्या समाप्तीला कामून सोडायलास?"

ईरण्णानं खाली बघून, मराठीत, सांगितलं. जसा आपला बंडेप्पा. बंडेप्पा उठला, चप्पल शोधत बसला नाही, तसाच निघून गेला. गुंडेरावांनी नारळ फोडला.

मंगळवारी माझ्याभोवती वाचकांचा गराडा होता. ऊर्मिलाबाईंचं नाव कोणी घेईना. कादंबरी एकमतानं पडली होती. "कसला लेखक हाय हो," निंगप्पा मला म्हणाला. "ज्याच्यावर पयला संशय, त्योच काढतंय शेवटी? ह्येला रहस्य म्हणतेत व्हय? महिना वाया घातलं आमचं." बेंच क्लार्क आवाज खर्जात आणायचं काही बोलला नाही. साहेबांच्या मंडळींनीही पुस्तक पुरं केलं होतं, असं साहेबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

ईरण्णा पिंजऱ्यात उभा राहिला. "बंडेप्पानं चंद्रम्माचा हात मनगटाला धरला आन् तेलात दाबला. ती वरडली तरी सोडला न्हाई. मी समोरच होतो."

भगवानराव उठले. "गेला महिनाभर तुम्ही गावभर सांगत होता की बाईनं स्वतःच हात घातला. खरं की खोटं?"

"खरं हाय, साहेब. बाराव्या अध्यायापर्यंत."

"म्हणजे कादंबरी ऐकून तुम्ही साक्ष बदलता?"

"न्हाई. कादंबरी ऐकून बदललो होतो," ईरण्णा म्हणाला. "साक्ष डोळ्यांची हाय. ती कादंबरीच्या आधीची हाय."

भगवानरावांनी चष्मा पुसला. पुढे विचारण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी बराच वेळ विचारलं.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. बंडेप्पाला शिक्षा झाली. मी टेबलावर हात आपटला नाही. निंगप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाला, बरं लढलाव, ऊर्मिलाबाईपेक्षा जरा कमी. मला ते लागलं, आणि आवडलंही, हे कबूल करते.

चंद्रम्मा लिंबाखाली बसची वाट बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. जिंकल्यावर काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, झालं एकदाचं.

"अक्का," ती म्हणाली, "ती पुस्तकातली पोरगी खरी हाय का ओ? कुठं ऱ्हाती?"

"नाही. ती कोणी नाही. लेखकानं मनानं रचलेली आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी चेष्टा करतेय की काय अशी. मग पदराखालचा हात तिनं बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"जी न्हाईच, तिचं खरं मानलं गावानं," ती म्हणाली. "मी तर तिथंच बसायले होते की, रस्त्याच्या कडंला. रोज."

बस आली. डाव्या हातानं दांडा धरून ती चढली आणि आत कुठे जागा आहे का ते बघायला लागली.